मौन धरणे आणि वाचा बसणे : पोलीस कोठडीतील आघातग्रस्त व्यक्तीचे मानसिक मूल्यमापन

पोलीस ठाण्यात लिहिल्या जाणाऱ्या जबाबाचे पहिले वाक्य महाराष्ट्रभर जवळजवळ एकाच साच्याचे असते. नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण यांची नोंद झाली की 'समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की' हे शब्द येतात. अखेरीस 'वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' अशी कबुली असते. या दोन टोकांच्या मधला मजकूर प्रथमपुरुषी, कालानुक्रमे मांडलेला आणि अखंड असतो. 'विचारल्यावरून' या एका शब्दात प्रश्नकर्त्याचे अस्तित्व मान्य केले जाते; पण कोणते प्रश्न विचारले, किती वेळा विचारले आणि कोणत्या प्रश्नापाशी सांगणारा थांबला, हे पुढे कुठेच येत नाही. संवाद नाहीसा होऊन त्याच्या जागी निवेदन उभे राहते. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचित वाटेल. मात्र येथे त्या निवेदनावर एखाद्याचे स्वातंत्र्य, क्वचित त्याचा जीवही अवलंबून असतो.

जबाबाच्या या साच्यात न बोलणाऱ्या माणसासाठी जागा नाही. ज्याला भीषण प्रसंगातून नुकतेच बाहेर काढले आहे, ज्याने डोळ्यांदेखत मृत्यू पाहिला आहे, ज्याच्यावर अत्याचार झाला आहे किंवा ज्याच्या हातून रागाच्या भरात काही अघटित घडले आहे, अशी व्यक्ती ठाण्यात आणली जाते तेव्हा ती बहुधा सलग सांगू शकत नाही. ती गप्प राहते, वेळकाळाचा घोटाळा करते, तीच गोष्ट दोनदा दोन प्रकारे सांगते. अशा वेळी कागदावर उतरणारी वाक्येही ठरलेली आहेत : 'काही एक सांगत नाही' अथवा 'उडवाउडवीची उत्तरे देतो'. ही वाक्ये वरवर निरीक्षणे वाटतात. प्रत्यक्षात ते निर्णय आहेत. पहिल्यात न सांगण्याचा हेतू गृहीत धरलेला आहे, दुसऱ्यात लबाडीचा. सांगता येत नाही ही शक्यता दोन्हींत नाही.

मराठी भाषेने मात्र हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. 'त्याने मौन धरले' आणि 'त्याची वाचा बसली' या दोन वाक्यांत परिणाम एकच, शांतता. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. मौन ही त्याची कृती आहे. दुसऱ्या वाक्यात कर्तेपण वाचेकडे गेले आहे. माणूस केवळ षष्ठीत, त्या वाचेचा धनी म्हणून उरला आहे. पोलीस कोठडीतील व्यक्तीच्या मानसिक मूल्यमापनाचा प्रश्न पुष्कळ अंशी या दोन वाक्यांतून योग्य ते निवडण्याचा प्रश्न आहे. ही निवड चुकली की काय घडते, याचे विदर्भाच्या इतिहासातील उदाहरण पुढे विचारात घेतले आहे. तत्पूर्वी हे मूल्यमापन म्हणजे नेमके काय आणि तालुक्याच्या पातळीवर ते कसे होऊ शकते, हे पाहणे आवश्यक आहे.

तालुक्याचे ठाणे

नागपूर जिल्ह्याच्या वायव्येस, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेला नरखेड तालुका संत्र्याच्या बागांसाठी ओळखला जातो. एका बाजूस पांढुर्णा, दुसऱ्या बाजूस वरुड. त्यामुळे येथील बोलीत वऱ्हाडी, नागपुरी आणि सीमेपलीकडची हिंदी यांची सरमिसळ आहे. नरखेड आणि जलालखेडा येथे पोलीस ठाणी आहेत. नरखेडला ग्रामीण रुग्णालय आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. मनोविकारतज्ज्ञ हवा असल्यास मात्र सर्वसाधारणपणे नागपूर गाठावे लागते. १८६४ मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही तेथेच आहेत. हे अंतर सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर आहे. अटकेपासून चोवीस तासांच्या आत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, हे बंधन संविधानाच्या अनुच्छेद २२ ने घातले आहे. या चोवीस तासांत नागपूरचा तज्ज्ञ नरखेडच्या कोठडीपर्यंत पोचेल ही अपेक्षा अवास्तव होय. म्हणजे पहिले मूल्यमापन, कुणी त्याला हे नाव देवो वा न देवो, ठाणे अंमलदार, पहाऱ्यावरचा शिपाई आणि ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारी या तिघांकडूनच होते.

आघात म्हणजे काय, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. अशा आपत्तीनंतर जे दिसते त्यासाठी मराठीत जुने शब्दप्रयोग आहेत. कुणी 'धसका घेतो', कुणी 'हाय खातो', कुणाचे 'भान हरपते'. पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राने आघातोत्तर ताणविकृती हे निदान आपल्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली स्वीकारले. त्यामागे प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांचा अनुभव होता. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी घरातील अत्याचार, युद्ध आणि राजकीय छळ यांतून जाणाऱ्यांची लक्षणे एकाच चौकटीत मांडली. या अभ्यासांतून जे निष्पन्न झाले त्यातील एक भाग जबाबाच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. आघाताची स्मृती बहुतेकदा गोष्टीच्या रूपात साठत नाही. वास, आवाज, एखादा रंग, हाताची पकड असे सुटे तुकडे अतिशय ठसठशीतपणे राहतात आणि त्यांना जोडणारा क्रम हरवलेला असतो. विचारणाऱ्याला हवे असते 'आधी काय, मग काय, नंतर काय'. सांगणाऱ्यापाशी नेमके तेवढेच नसते. भीती कमी झाल्यावर, झोप झाल्यावर, काही तपशील नव्याने आठवतात. न्यायालयात मात्र दुसऱ्या दिवशी आठवलेल्या तपशिलाला 'सुधारणा' म्हणतात आणि उलटतपासणीत तोच खोटेपणाचा पुरावा ठरतो.

शरीर आधी

कोठडीतील व्यक्तीच्या संकटकालीन मूल्यमापनात पहिला प्रश्न मनाचा नसतो, शरीराचा असतो. डोक्याला मार लागलेला माणूस अडखळत बोलतो, झिंगतो, ओकतो, पेंगतो; त्याच्या तोंडाला दारूचा वास असेल तर तो 'नशेत' ठरतो आणि सकाळपर्यंत झोपवून ठेवला जातो. ही चूक जीवघेणी असते. मधुमेही व्यक्तीची साखर उतरणे आणि फेफऱ्याचा झटका येऊन गेल्यानंतरची गुंगी हीदेखील अशीच फसवी असते. रोज दारू पिणाऱ्याची दारू कोठडीत एकाएकी तुटते. हाताला कंप, घाम आणि अस्वस्थता पहिल्याच दिवशी सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होऊ लागतात, स्थळकाळाचा विसर पडतो, भिंतीवर किडे दिसतात. न्यायालयाने पोलीस कोठडी दिल्यानंतरचे दिवस नेमके हेच असतात. त्यामुळे आरोपी 'वेडाचे सोंग घेतो' असा समज होण्यास ही वेळ अगदी सोयीची ठरते. वास्तविक ही तातडीने रुग्णालयात हलविण्याची अवस्था आहे. उपचाराविना ती प्राणावर बेतू शकते.

शरीराकडे पाहून झाल्यावर भानाकडे पाहिले जाते. आपण कुठे आहोत, कोणता दिवस आहे, समोरचा माणूस कोण आहे, हे व्यक्तीला सांगता येते का? मागून दार वाजले तर ती दचकते का, की दचकण्यासारख्या आवाजालाही काहीच प्रतिसाद देत नाही? आघातानंतरच्या तासांत ही दोन्ही टोके दिसतात आणि एकाच व्यक्तीत आलटून पालटूनही दिसतात. दुसरे टोक अधिक दुर्लक्षित राहते. नजर एका जागी खिळलेली, आवाज सपाट, स्वतःबद्दल बोलताना जणू तिऱ्हाइताविषयी बोलावे अशी तटस्थता. ही विलगता पाहून पाहणाऱ्याचा समज होतो की या माणसाला काहीच वाटत नाही. डोळ्यांत पाणी नाही म्हणून दुःख नाही आणि दुःख नाही म्हणून अपराध आहे, अशी अनुमानांची साखळी कोठडीत फार लवकर जुळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी ती आश्चर्यकारक वाटू नये. शोकाचा अनुभाव अश्रूच असला पाहिजे, ही अपेक्षा रंगभूमीच्या सवयीतून आलेली आहे.

यानंतर येतो तो सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे आत्मघाताचा. कोठडीत आत्मघाताचा धोका पहिल्या काही तासांत विशेष असतो. लाज, एकटेपण, नशा उतरणे आणि पुढे काय होणार हे न कळणे, या चारही गोष्टी त्या वेळी एकत्र आलेल्या असतात. हा विषय काढल्याने माणसाच्या मनात तो विचार शिरेल अशी समजूत सार्वत्रिक आहे, परंतु अनुभव तसा नाही. सरळ विचारल्याने बोलण्यास वाट मिळते. मात्र ते कोणत्या शब्दांत विचारावे, हा भाषेचा प्रश्न आहे. 'आत्महत्येचे विचार येतात काय?' हे वाक्य नरखेड परिसरातील संत्राउत्पादकाला किंवा शेतमजुराला वर्तमानपत्रातील बातमीसारखे ऐकू येते. त्याच्या बोलीत हा विचार 'जिवाचं बरंवाईट' करण्याच्या, 'जगून तरी काय करू' च्या, विहिरीच्या आणि फवारणीच्या औषधाच्या रूपाने येतो. हे शब्द ज्याच्या कानाला परिचित नाहीत त्याच्यासमोर धोका बोलून दाखविला जातो आणि तरीही नोंदला जात नाही. ठाण्यात करगोटा, पट्टा, दुपट्टा काढून घेण्याची पद्धत आहे आणि ती आवश्यकही आहे. पण वस्तू काढून घेणे ही देखरेख नव्हे. नजरेच्या टप्प्यात, बोलता येईल इतक्या अंतरावर एक माणूस असणे हे तिचे अधिक खरे रूप आहे.

येथे कायद्यातील एका बदलाचा उल्लेख केला पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ अन्वये गुन्हा होता. म्हणजे विष घेऊन वाचलेला शेतकरी रुग्णालयातील खाटेवर असतानाच आरोपीही होऊ शकत होता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या स्वरूपात उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. त्याच २०१७ च्या अधिनियमाच्या कलम १०० नुसार मानसिक आजारामुळे स्वतःस किंवा इतरांस धोका संभवणारी अथवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती पोलिसांना आढळल्यास तिला चोवीस तासांच्या आत नजीकच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते. तिला कोठडीत ठेवता येत नाही.

मूल्यमापन कोणासमोर होते, यालाही तितकेच महत्त्व आहे. छळाची चौकशी व नोंद कशी करावी याविषयीचा 'इस्तंबूल नियमावली' म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज १९९९ मध्ये तयार झाला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पोलिसांच्या कानावर पडणार नाही अशा ठिकाणी तपासणी व्हावी आणि ते शक्य नसेल तर पोलीस उपस्थित होते ही गोष्टच नोंदवावी, असे त्यात सांगितले आहे. ही दुसरी सूचना मार्मिक आहे. ती 'विचारल्यावरून' या शब्दाने जे पुसले जाते ते परत आणते. ग्रामीण रुग्णालयात हातकडीचे दुसरे टोक धरून शिपाई शेजारी उभा असताना 'काही तक्रार आहे का?' या प्रश्नाला मिळालेले 'नाही' आणि एकांतात मिळालेले 'नाही', ही दोन वेगळी उत्तरे आहेत. प्रमाणपत्रावर ती सारखीच दिसतात.

सूचनवशता हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू होय. आइसलँडमध्ये जन्मलेले मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडयॉन्सन यांनी १९८४ मध्ये तिच्या मापनाची श्रेणी तयार केली. थकलेली, भ्यालेली, अल्पबुद्धी किंवा अधिकाऱ्याला नाही म्हणण्याची सवयच नसलेली व्यक्ती प्रश्नात दडलेले उत्तर आपले म्हणून स्वीकारते. उत्तर नाकारले गेले असे जाणवताच ते बदलते. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात ग्राह्य नाही, हे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ पासून आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ पर्यंत कायम आहे. तथापि कबुली ग्राह्य नसली तरी तिच्या आधारे तपासाची दिशा ठरते. नरखेडच्या माणसाचे 'मले आठवूनच नाही रायलं' हे वाक्य जबाबात 'मला नक्की सांगता येणार नाही' असे होते. बोलीतील वाक्यात आठवण्याची क्रिया चालू आहे आणि ती यशस्वी होत नाही; प्रमाण वाक्यात माणूस काहीतरी राखून ठेवतो आहे असा ध्वनी येतो. लेखनिकाने हे हेतुपुरस्सर केले असे मुळीच नव्हे. त्याला शुद्ध मराठीत लिहायला शिकविले आहे आणि तो शुद्ध लिहितो.

देसाईगंज, १९७२

नरखेडपासून विदर्भाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, त्या वेळच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणण्यात आले. भावाने दिलेल्या तक्रारीवरून हा जबाब होत होता. ती आरोपी नव्हती. वैद्यकीय अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा होते. जबाब झाल्यावर इतरांना जाण्यास सांगितले गेले आणि तिला थांबवून घेतले गेले. त्यानंतर चौकीच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने सर्वत्र ओळखले जाते. येथे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे निकालपत्राचे नावच पुरेसे आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री तिची वैद्यकीय तपासणी झाली. तपासणीत शरीर पाहिले गेले : जखमा आहेत का, पूर्वसंबंधांच्या खुणा आहेत का. जखमा नव्हत्या. तिची मनःस्थिती कशी होती, ती झोपली होती का, बोलत होती का, कुणाला घाबरत होती का, यांतले काहीही पुढच्या न्यायनिर्णयाचा आधार झाले नाही. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिचे म्हणणे खोटे मानून दोघा पोलिसांना निर्दोष ठरविले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरविला. निमूट शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. परिभाषा कायद्याची असली तरी हे विवेचन मानसशास्त्रीयच होते. खंडपीठाने 'वाचा बसणे' ओळखले होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोषत्व दिले. शरीरावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत आणि शिपाई तिला घेऊन जाऊ लागला तेव्हा जवळच असलेल्या नातेवाइकांकडे तिने धाव घेतली नाही की विरोध केला नाही, यांवरून संबंध संमतीचे असल्याचा निष्कर्ष काढला गेला.

याच वर्षी, अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, एप्रिल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात निकाल दिला होता. ओरिसाच्या या माजी मुख्यमंत्र्यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे देण्याचे नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निर्णयात स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग न पाडण्याचा, अनुच्छेद २०(३) मधील हक्क पोलीस तपासापर्यंत विस्तारला गेला. सक्ती म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मानसिक छळ, वातावरणाचा दबाव, थकवून टाकणारी प्रश्नांची सरबत्ती हीदेखील सक्तीच होय, असे त्यात मान्य केले गेले. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याबद्दलही नापसंती व्यक्त झाली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे जे दिसते ते अस्वस्थ करणारे आहे. ठाण्यातील वातावरण सुशिक्षित, अनुभवी, अधिकारपद भूषविलेल्या स्त्रीच्या मनावर दबाव आणू शकते, हे एप्रिलमध्ये मान्य झाले. रात्री साडेदहानंतर चौकीत थांबवून घेतलेल्या निरक्षर अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तेच वातावरण सप्टेंबरमध्ये जणू नव्हतेच. एकीचे मौन धरलेले होते, म्हणून त्याला हक्काचे नाव मिळाले. दुसरीची वाचा बसली होती. तिला संमतीचे नाव मिळाले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र आणि त्यानंतरची देशव्यापी चळवळ यांचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस ताब्यातील बलात्कार हा स्वतंत्र गंभीर प्रकार ठरला आणि पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले : संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे. गृहीतकाची दिशा बदलली. तपासणीची पद्धत बदलायला मात्र आणखी तीन दशके लागली. विदर्भातच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांतील अवमानकारक व अशास्त्रीय पद्धती आपल्या अहवालातून पुढे आणल्या आणि त्याआधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पीडितेच्या मानसिक आधाराला स्थान मिळाले. अटक झालेल्या कोणत्याही व्यक्तीबाबत, १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली आहे. बसू निकालातील तपासणी आजही बहुतांशी शरीराचीच असते; 'अंगावर ताज्या जखमा नाहीत' या वाक्याने ती पुरी होते.

तेंडुलकरांची दोन पात्रे

मराठी नाटककाराने हा प्रश्न न्यायालयांच्या आधी आणि नंतरही हाताळला आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये पोलीस नाहीत, कोठडीही नाही. पण बाहेरून लागलेली कडी आहे. पहिल्या अंकात किरकोळ वाटणारी ती कडी पुढे बेणारेला बाहेर पडू देत नाही, आणि खेळातला अभिरूप खटला त्या क्षणी ताब्यात बदलतो. साक्षीदार एकामागून एक बोलतात. जी सर्वांत वाचाळ, चेष्टेखोर म्हणून आली होती ती गप्प होत जाते. शेवटी तिला बोलण्यासाठी काही सेकंद दिले जातात. रंगमंच गोठतो आणि ती जे दीर्घ स्वगत बोलते ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येते. न्यायासनाच्या दृष्टीने तिला दिलेला वेळ मुकाट्याने संपला. जबाबाच्या कागदावर जे येऊ शकत नाही ते नेमके कुठे असते, याचे इतके नेमके रंगरूप क्वचितच सापडेल. नाटकाच्या अभ्यासात या स्वगताकडे बहुधा भावनिक परमोच्च बिंदू म्हणून पाहिले जाते. ती एका नोंदीची अनुपस्थिती आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश' (१९८०) या हिंदी चित्रपटाचे लेखन तेंडुलकरांचेच. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी मजूर लहान्या भिकू तुरुंगात आहे आणि तो बोलत नाही; आपल्या वकिलाशी, भास्कर कुलकर्णीशीही नाही. कुलकर्णी तऱ्हेतऱ्हेने प्रयत्न करतो. प्रेक्षकालाही प्रारंभी वाटते की धक्क्याने याची वाचा बसली आहे. पुढे हळूहळू उमगते की या मौनात हिशेब आहे. बोलले तर बाहेर असलेल्या बहिणीचे आणि बापाचे काय होईल, हे त्याने ओळखले आहे. वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी हातकड्यांत आणलेला लहान्या आपल्या बहिणीचा कुऱ्हाडीने अंत करतो, तिच्या वाट्याला पत्नीचे भोग येऊ नयेत म्हणून. आणि मग त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, किंकाळी निघते.

लेखाच्या आरंभी केलेल्या भेदाला हे पात्र छेद देते, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. लहान्याचे मौन आघाताचे आहे आणि धरलेलेही आहे. त्याला केवळ आजारी ठरविणारा तज्ज्ञ त्याच्यावर तितकाच अन्याय करील जितका 'उडवाउडवीची उत्तरे देतो' असे लिहिणारा जमादार करतो. कारण 'आजारी' या शब्दाने त्याचे भय निराधार ठरते आणि त्याचे भय तर पूर्णपणे साधार आहे. मूल्यमापन करणाऱ्याने माणसाला काय झाले आहे एवढेच विचारून भागत नाही. तो कशाला भीत आहे आणि ते भय खरे आहे का, हेही विचारावे लागते. त्या वेळी बहीण कुठे आहे, घरी कोण आहे, गावात कुणाचे राज्य आहे, हे प्रश्न वैद्यकीय होतात. लहान्याला कुणी ते विचारले असते तर धोका त्याच्या जिवापेक्षा त्याच्या बहिणीच्या जिवाला आहे, हे कदाचित वेळेवर कळले असते.

परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे कॅमेरे बसविण्याचे आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपण्याचे आदेश दिले. असे चित्रण जेथे उपलब्ध होईल तेथे 'विचारल्यावरून' या शब्दामागचे प्रश्न प्रथमच ऐकता येतील. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये गेलेला वेळही त्यात मोजता येईल : चार सेकंद, चाळीस सेकंद, चार मिनिटे. त्या चार मिनिटांत माणसाने मौन धरले होते की त्याची वाचा बसली होती, हे कॅमेरा सांगणार नाही.